सालींची दुसरी खेप आणि कडप्प्यावरचं कडं

आमच्या ओट्यावर, गॅसच्या डाव्या हाताला, बरणीच्या बुडाएवढं पांढरट कडं उमटलंय. पुसून जात नाही, घासून जात नाही. खोबरेल लावलं की दिवसभर लपतं आणि रात्री ओटा धुतला की पुन्हा दिसायला लागतं. मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की संत्र्याच्या साली गूळ-पाण्यात आंबवून केलेल्या बायोएन्झाइमची, म्हणजे घर पुसायच्या आंबट पाण्याची, पहिली खेप तयार आहे, फक्त गाळायची राहिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाळली. बरणी रात्रभर ओट्यावर राहिली, बुडाला ओल होती आणि सकाळी हे कडं.

खरी लाज पुढे आहे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. चुनखडकावर आम्ल पडलं की बुडबुडे येतात, तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, हे किती वेळा फळ्यावर लिहिलं त्याची गणती नाही. आणि कडप्पा म्हणजे चुनखडकच. शहाबादी फरशीही तीच, संगमरवरही त्याच कुळातला. सालींचं आंबवलेलं पाणी म्हणजे आम्ल. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, फक्त एकाच वेळी ठाऊक नव्हत्या.

तेव्हा ज्यांच्याकडे कडप्प्याचा ओटा, शहाबादी किंवा जुनी मोझॅकची फरशी आहे, त्यांनी बायोएन्झाइम तिथे नेऊ नये. ग्रॅनाइटला आणि हल्लीच्या चकचकीत टाइल्सना काही होत नाही. दगड कुठला ते माहीत नसेल तर सिंकखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. तिथली चमक गेली असेल तर समजून जा. पॉलिशवाल्याला विचारलं, तो म्हणाला एवढ्याशा कड्यासाठी अख्खा ओटा घासावा लागेल. त्याने सांगितलेल्या रकमेत माझं तीन वर्षांचं फरशी पुसायचं औषध आलं असतं. म्हणून कडं आहे तिथेच आहे.

दुसरी खेप एप्रिलच्या सुरुवातीला भरली. प्रमाण तेच, बायोएन्झाइम करणारे बहुतेक जण धरतात ते: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. माझ्याकडे ३०० ग्रॅम गूळ, ९०० ग्रॅम साली आणि ३ लिटर पाणी, पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. काच मी वापरत नाही, कारण पहिला महिनाभर आत वायू धरतो आणि रोज झाकण सैल करून तो सोडावा लागतो. संत्री संपली होती, म्हणून चौकातल्या ज्यूसवाल्याकडून मोसंबीच्या साली आणल्या. तो आधी फुकट देत होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘सर, याचं करता काय?’ मी अर्धा तास सांगितलं. आता तो साली वेगळ्या पिशवीत ठेवतो, पण दर वेळी एक ग्लास ज्यूस घ्यावाच लागतो, म्हणजे फुकट राहिलं नाही.

पहिल्या खेपेला तीन महिने पूर्ण लागले होते, तेही थंडीत. या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, नागपूरचा एप्रिल-मे, दुपारी पारा चाळिशीच्या वर. दुसरी, मी पहिल्या खेपेतलं कपभर पाणी विरजणासारखं घातलं. सात आठवड्यांत साली तळाशी बसल्या, बुडबुडे थांबले, गोडसर वास जाऊन स्वच्छ आंबट वास आला. पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी लावली तर रंग ३ आणि ४ च्या मधला. वर पांढरी साय धरली होती, तिची चिंता करू नये, काढून टाकावी. काळी किंवा हिरवी बुरशी असेल तर मात्र मी सगळं ओतून देतो. एकदा गूळ अर्धा करून काटकसर करायला गेलो होतो, तेव्हा तशी बुरशी आली. नऊ रुपये वाचवायच्या नादात किलोभर साली वाया.

मधेच एका लग्नासाठी दोन दिवस वर्ध्याला गेलो आणि झाकण सैल करायला कुणाला सांगायचं राहिलं. परत आलो तर कॅन फुगून चेंडू झालेला. झाकण उघडताच असा आवाज झाला की आई आतल्या खोलीतून ओरडली, ‘काय फुटलं रे? आणि हा कायचा वास येऊन राहिला?’

नावाबद्दल एकदा बोलून घेतो. ‘एन्झाइम’ या शब्दावर आपण जरा जास्तच भाळलोय. माझ्या मते घासायचं काम इथे मुख्यतः आम्ल करतं, म्हणजे सिरक्यात असतं तेच अॅसेटिक आम्ल, आणि तेलकटपणाला सालीतलं तेल थोडी मदत करतं. याने जंतू मरतात असं मी कुणाला सांगत नाही. घरात कुणी आजारी असलं की संडास-बाथरूमला नेहमीचं जंतुनाशकच वापरतो. आणि त्या दिवशी ही बाटली बाथरूममध्ये ठेवतसुद्धा नाही. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. नैसर्गिक आहे म्हणून काहीही कशातही ओतायचं, असं नाही.

आता कूलर. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, वूड वूल, म्हणजे बाजूच्या जाळ्यांतलं लाकडी गवत, बदलायचं आणि पंप चालतो का ते बघायचं. आमच्याकडे बोअरचं पाणी. पंपाच्या जाळीवर, नळीच्या तोंडावर, तोटीवर पांढरा कडक थर बसतो, दरवर्षी मी तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतो. एकदा जाळीच तुटली. या वर्षी जाळी आणि नळीचा तुकडा हातात घेतला तेव्हा ओट्यावरचं कडं समोरच होतं. म्हटलं, अरे, हा थर म्हणजेसुद्धा तोच चुना. दगडातला असो की बोअरच्या पाण्यातला, आम्लाला काय कळणार?

वाडग्यात पहिल्या खेपेचं पाणी, न पातळ करता, त्यात जाळी बुडवली. पाच मिनिटांत जाळीच्या प्रत्येक भोकाला मोहरीएवढा बुडबुडा चिकटला. मग ते एकेक सुटून वर यायला लागले, वर आले की फुटायचे आणि वासाचा बारीक फवारा नाकाशी. वर्गात मी हा प्रयोग हायड्रोक्लोरिक आम्लाने करत होतो, तिथे सगळं दहा सेकंदांत संपतं आणि मागच्या बाकावरच्यांना काही दिसत नाही. इथे रात्रभर चाललं. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं आणि थर ओल्या पापडासारखा निघाला. जाळीचा मूळ रंग निळा आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. नंतर पाणी तापवायचा रॉड असाच काढला, प्लग अर्थातच काढून आणि फक्त खालचं वेटोळं बुडवून. नळाच्या तोटीला रात्री भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं. कूलरच्या पत्र्याच्या टाकीत मात्र ओतू नका, पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा आम्लाने जातो.

त्या दिवसापासून माझ्या कपाटात दोन कप्पे झालेत. वरच्यात आंबट, खालच्यात खारं. आंबटात सालींचं पाणी, सिरका, चिंच, पिळून झालेली लिंबं. खाऱ्यात राख, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा. चुना, गंज, तांब्या-पितळेचा काळेपणा असला की वरचा कप्पा. तूप, तेल, मळ असला की खालचा. हे मी आईला मोठ्या उत्साहाने दाखवलं. ती म्हणाली, ‘मग आम्ही काय करत होतो? देवाची भांडी चिंचेनं अन् तेलाची राखेनं. उलटं कुणी केलं होतं?’ खरंच, तिने कधीही तेलाची कढई चिंचेने घासलेली मला आठवत नाही.

हे डोक्यात बसलं की सगळीकडे फिरणारा एक नुस्खा आपोआप बाद होतो. सिंक तुंबलं की खाण्याचा सोडा टाका, वर सिरका ओता. फेस झकास येतो, व्हिडिओत छान दिसतो. पण आंबट आणि खारं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. मी आता तुपकट सिंकमध्ये धुण्याच्या सोड्याचे दोन चमचे टाकतो आणि वरून चांगलं गरम पाणी. फेस नाही, पण तूप सुटतं. त्या वेळी हातमोजे घालावेत, धुण्याचा सोडा हाताची साल काढतो.

सोड्यावरून आठवलं, एक मूर्खपणाही नोंदवतो. खाण्याचा सोडा तापवला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडा तयार होतो, हे पुस्तकात आहे. २०० ग्रॅम सोडा लोखंडी कढईत तासभर मंद आचेवर परतला. रसायनाच्या हिशेबाने १२६ ग्रॅम उरायला हवा, काट्यावर १२९ भरला. मी खूश. सौ. संध्याकाळी वर्ध्याहून आली, तिला सांगितलं. तिने पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता विचारलं, ‘यातला स्वस्त कुठला मिळतो?’ धुण्याचा. म्हणजे महागाचा सोडा घेऊन, वर तासभर गॅस जाळून, मी कमी वजनाचा स्वस्त सोडा तयार केला होता. वहीत त्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लाल रेघ मारली आहे.

राखेची सोय आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून होते. त्याची इस्त्री लाकडी कोळशाची आहे, दगडी कोळशाची राख घेऊ नये. वस्त्रगाळ केली तर स्टीलवर ओरखडे येत नाहीत. नारळाच्या शेंडीने घासायचं. अॅल्युमिनियमला मात्र राखही नको, सोडाही नको. माझी एक जुनी पातेली काळीठिक्कर पडली.

रिठ्याचं काम संथ चाललंय. १०० ग्रॅम साली, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी वीस मिनिटं उकळून, थंड झाल्यावर हातानेच कुस्करून जुन्या ओढणीतून गाळायच्या. कुस्करताना डोळ्याला हात लावलात तर दिवसभर आठवण राहते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचं चिकट दही होतं तसं रिठ्याचं होत नाही, हा त्याचा मोठा गुण. आईचं रेशमी लुगडं आणि लोकरीचे दोन स्वेटर त्यात सुंदर निघाले. पांढऱ्या कपड्यांना पिवळट झाक येते, बनियनवर प्रयोग करून झालाय. आणि उन्हाळ्यात हे पाणी तिसऱ्या दिवशी वास मारतं, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो. पाहुण्याने एक खडा सरबतात टाकायच्या आत मी पळत जाऊन अडवलं. आता ट्रेवर चिकटपट्टी आहे.

पैशांचं विचाराल तर वहीप्रमाणे आमचा धुण्या-पुसण्याचा खर्च महिन्याला ६४० च्या आसपास होता, गेले तीन महिने तो २९० ते ३१० आहे. पण प्रामाणिकपणे मांडायचं तर यातला निम्म्याहून अधिक फरक सालींमुळे नाही. एका रविवारी कंटाळा आला म्हणून मशीनमध्ये आम्ही पावडर किती टाकतो ते वजन करून पाहिलं. पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या आठवड्यात निम्मी केली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. सौ.च्या लक्षातही आलं नाही, उलट कपडे मऊ लागतात म्हणाली. भांड्यांच्या लिक्विडचंही तेच. बाटलीतून थेट घासणीवर पिळण्याऐवजी वाटीभर पाण्यात एक चमचा. माझ्या आंबट बाटलीने वाचवले ते फरशीच्या औषधाचे आणि तोटी-संडास घासायच्या अॅसिडचे पैसे, बस. अर्ध्या बादलीला मी ५० मिलि टाकतो आणि खोल्यांच्या टाइल्स पुसतो. स्वयंपाकघरात नुसतं पाणी.

गाळून उरलेला चोथा अर्धा तिसऱ्या खेपेला विरजण म्हणून ठेवला, अर्धा मिक्सरमधून काढून संडासाच्या भांड्याला रात्री लावला. ते मिक्सरचं भांडं मी कुठून आणलं हे विचारू नका.

तिसरी खेप गुरुवारी भरली. ४०० ग्रॅम गूळ, १ किलो २०० ग्रॅम साली, मोसंबी जास्त आणि सरबताची लिंबं थोडी, ४ लिटर पाणी. कॅनच्या झाकणावर तारीख, कॅनच्या खाली स्टीलची परात आणि परातीच्या खाली, तरीही, जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी.