कंसातला अंगठा

"ताई, आईचं परतीचं तिकीट कधीचं काढू? महिनाभर पुरेल ना?"

मार्च २०२३ मधला शुक्रवार, सकाळचे पावणेअकरा. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं इमिग्रेशन वकिलीचं ऑफिस आहे. मी वकील नाही, पॅरालीगल. फॉर्म भरायचे, कागद लावायचे, मराठी-हिंदी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं करायची, आणि वकीलबाई कोर्टात गेल्या की फोन झेलायचे. त्या दिवशी त्या कोर्टातच होत्या.

"परतीचं? म्हणजे जायचं काढलंस की काय?"

"हो, आज रात्रीचं. नेवार्क-मुंबई. वाईला आजी सिरियस आहे. आईची आई. मामाचा पहाटे फोन आला. आईने बॅगसुद्धा भरली."

त्याला फोनवर थांबवून मी फाइल काढली. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदललेत.) काकू ऑक्टोबरमध्ये व्हिजिटर व्हिसावर आलेल्या, सुनेच्या बाळंतपणाला. मुलगा सिटिझन. सिटिझन मुलगा एकवीस वर्षांच्या पुढचा असला की आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करू शकतो आणि त्यात भावाबहिणींच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नसते. माणूस रीतसर व्हिसावर येऊन इथेच असला तर मुलाचा नात्याचा अर्ज (फॉर्म आय-१३०) आणि आईचा स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज (आय-४८५) एकदमच लावता येतात. वकीलबाईंनी ९० दिवस जाऊ दिले, कारण आल्या आल्या अर्ज केला तर येतानाच मनात राहायचं होतं असा अर्थ काढला जातो. जानेवारीत सगळं एकत्र रवाना झालं. पावत्या आल्या, बोटांचे ठसे झाले. अ‍ॅडव्हान्स परोल म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी. तिचाही फॉर्म, आय-१३१, सोबतच गेला होता, पण मंजुरीला महिनोन् महिने लागतात आणि जेमतेम दोन झाले होते.

"अरे, तो कागद हातात आल्याशिवाय त्यांनी देश सोडला तर ४८५ संपला. कुणी नामंजूर करायचीसुद्धा गरज नाही. त्या गेल्या म्हणजे त्यांनी अर्ज सोडून दिला, असंच कायदा धरतो."

"पण माझा ४८५ पेंडिंग असताना मी दोनदा पुण्याला जाऊन आलो की!"

हे मी वर्षातून दहा वेळा ऐकते. तो तेव्हा एचवनवर होता. एच-१ आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांवाल्यांना सूट आहे. व्हिसा चालू असला तर ते परोलशिवाय जाऊन येऊ शकतात. व्हिजिटर व्हिसावाल्यांना ती नाही. आयटीतली हुशार मुलं आपल्या वेळचा अनुभव आईवडिलांना लावतात आणि तिथेच फसतात. दुसरं पालुपदही लगेच आलंच: "आणि तिचा दहा वर्षांचा व्हिसा आहे ना?" व्हिसा आहे. पण आम्हाला इथेच राहायचंय असं सरकारला लिहून दिल्यावर 'नातीला भेटायला आले' म्हणत त्याच व्हिसावर विमानतळावर उभं राहायचं, आणि पुढे अधिकाऱ्याची मर्जी.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "ठीक आहे. थांबवतो मी तिला."

'थांबवतो' हा शब्द मला खटकला. म्हटलं, "थांबवू नकोस, इकडे घेऊन ये."

वकीलबाईंना मेसेज टाकला. सुनावणीच्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला: इमर्जन्सी परोल मागू. जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू असला तर फोनवरून अपॉइंटमेंट मागता येते. इमिग्रेशन खात्याच्या फील्ड ऑफिसमध्ये नवा आय-१३१, ४८५ ची पावती, दोन फोटो आणि पुरावे घेऊन माणसाने स्वतः जायचं. पटलं तर तिथल्या तिथे कागद मिळू शकतो. मी फोन लावून बसले. दीडेक तासाने खात्याकडून उलट फोन आला. नेवार्क, मंगळवारी सकाळी दहा.

आता पुरावे. वाईच्या दवाखान्यातून मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लेटरहेडवर निळ्या पेनाने दीड ओळ: "पेशंट सिरियस असून नातेवाईकांनी लवकरात लवकर यावे." वाईत एवढं पुरतं. इथे आजार कोणता, भरती कधी केलं, आशा किती, हे सगळं लागतं. मी मामांना फोन करून दुसरी चिठ्ठी मागवली. डॉक्टर भला माणूस, तिकडे रात्रीचे साडेदहा झाले असताना त्याने लिहून दिली. मी भाषांतर केलं, खाली मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं प्रमाणपत्र जोडून सही केली.

राहिलं नातं. दवाखान्यात झोपलेली ही म्हातारी काकूंची आईच आहे, हे कशावरून? आपल्याकडच्या बायकांच्या फाइलीत हे दुखणं नेहमीचं. काकूंचा जन्म १९५७ चा, घरी झालेला. नोंद कुठेच नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे, आईचं नाही. लग्नात आडनाव बदललं ते बदललं, नवऱ्याने तांदळात अंगठीने लिहून नावही बदललं. माहेरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई या कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती. अमेरिकन अधिकाऱ्याला हे तांदळाचं प्रकरण समजावताना मी अजूनही अडखळते.

पण ४८५ ला जन्माचा पुरावा लागतोच, मग जानेवारीत आम्ही काय लावलं होतं? मी पानं उलटत गेले. नोंद नसल्याचा दाखला. आणि मागे प्रतिज्ञापत्र. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, वाईच्या नोटरीपुढे, डिसेंबरात केलेलं. "मी खाली अंगठा करणार, वय ८९, प्रतिज्ञेवर कथन करते की, माझी मुलगी..." माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं कथन, जन्मतारीख, गाव. खाली जांभळ्या शाईचा ठसा, जरा फरपटलेला.

म्हणजे नात्याचा पुरावा त्या म्हातारीने स्वतःच देऊन ठेवला होता. भाषांतर माझंच. अंगठ्याच्या जागी मी चौकोनी कंसात लिहिलं होतं: [अंगठ्याचा ठसा]. तसंच लिहायची पद्धत आहे. डिसेंबरात मी ते टाइप केलं आणि पुढच्या पानाकडे वळले. अंगठा कुणाचा, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

एक वाजता मायलेक आले. काकू ठेंगण्या, पायात बूट आणि वर नऊवारी. सुनेचं जाकीट अंगात, बाह्या दोनदा दुमडलेल्या. येताना बॅग घेऊनच आल्या होत्या. मुलाने गाडीतच ठेव म्हटलं असणार, पण बॅग त्यांच्या मांडीला लागून उभी होती.

मी सगळा प्रकार मराठीत सांगायला सुरुवात केली. ग्रीन कार्डाचा अर्ज, चालू असेपर्यंत बाहेर जाता येत नाही...

"कुणाचा अर्ज?" काकूंनी विचारलं.

मुलगा खाली बघायला लागला.

"तुमचाच, काकू. जानेवारीत सह्या केल्यात ना?"

"त्या व्हय? हा म्हणला, आई हितं सही कर, हितं कर. म्हटलं इन्शुरन्सचं असंल."

मुलगा लबाड नव्हता. वडील गेल्यापासून आई तिकडे एकटी, दर सहा महिन्यांनी विमानात बसवायची, मधे काही झालं तर? त्याने आईचं भलंच पाहिलं होतं, फक्त आईला सांगायचं राहून गेलं. आणि आम्ही? आमच्या सूचना ईमेलने जातात. सातव्या मुद्द्यात ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, परवानगीशिवाय प्रवास करू नये. इंग्रजीत, मुलाच्या पत्त्यावर. सही मात्र आईची.

काकूंनी एकेक करून प्रश्न विचारले आणि ते मुलाच्या प्रश्नांपेक्षा नेमके होते. मी गेले तर मला पुन्हा कधी येऊ देणार नाहीत का? असं नाही, म्हटलं. तुमची मुदत ३ एप्रिलपर्यंत आहे, ती तुम्ही ओलांडलेली नाही, त्यामुळे तीन वर्षांची किंवा दहा वर्षांची बंदी लागत नाही. मुलाचा १३० जिवंतच राहतो. तो मंजूर झाला की मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत देऊन येता येईल. पण त्याला वर्ष लागेल, जास्तही लागेल, आणि तोवर व्हिजिटर म्हणून येऊ देतील याची खात्री नाही. नातीचं पहिलं वर्ष हुकेल.

"पैसं?"

"४८५ चे १,२२५ डॉलर. ते परत मिळत नाहीत."

त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "लाख रुपये," म्हणाल्या. "आणि थांबले तर?"

"मंगळवारी कागद मिळाला तर त्याच रात्री निघता येईल. मिळेलच अशी हमी नाही, पण आपले पुरावे चांगले आहेत." आणि मी, खरं सांगायचं तर जरा कौतुकानेच, ते प्रतिज्ञापत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "हे बघा, तुमच्या आईनेच दिलंय."

काकूंनी पान जवळ ओढलं. मजकूर वाचला नाही. जांभळ्या ठशावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हे कवा घेतलं?"

"डिसेंबरात," मुलगा म्हणाला. "मामा घेऊन गेला होता तिला रिक्षाने."

"तिला काय सांगितलं?"

"तुझ्या कामाला लागतंय म्हणून."

"माझ्या कामाला." काकूंनी पान माझ्याकडे परत सरकवलं. "हिला ठाऊक न्हाई, मला ठाऊक न्हाई. दोघी अंगठंबहाद्दर." मग मुलाकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "मंगळवार लई लांब हाय रं."

तो बोलायला लागला. चारच दिवस, आई. रविवारी बरी वाटेल ती. एवढं केलंय ते वाया जाईल. माझ्याकडेही बघितलं त्याने, मी काही बोलावं म्हणून. मी नियम सांगितले होते, त्यापलीकडे बोलायचा मला अधिकार नाही, आणि त्या दिवशी मला तो हवासाही वाटला नाही. पण हेही खरं, की मला त्यांनी थांबायला हवं होतं. कागद मिळणार असं मला वाटत होतं. अशी पक्की फाइल माझ्या हातून क्वचितच झाली असेल.

काकूंनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

वकीलबाईंनी फोनवरून मजकूर सांगितला: परिणाम मराठीत समजावून सांगितले, अशिलाने समजून-उमजून जायचं ठरवलं. त्याची प्रत काढली आणि काकूंना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. त्यांनी एकदा मधेच थांबवून 'परिणाम' म्हणजे नक्की काय ते पुन्हा विचारलं. मग देवनागरीत, शिरोरेघ शेवटी ओढत, संपूर्ण नावाने सही केली. चार वाजता मी नेवार्कची अपॉइंटमेंट रद्द केली.

विमान वेळेवर सुटलं. काकू रविवारी पहाटे वाईला पोचल्या. म्हातारी सोमवारी शुद्धीवर आली, बुधवारी घरी आली आणि दूधभात खायला लागली. म्हणजे मंगळवारपर्यंत थांबल्या असत्या तरी चाललं असतं. मुलाने मला हे फोनवर दोनदा ऐकवलं. मी काही म्हटलं नाही. हा हिशेब त्या शुक्रवारी कुणालाच करता येणार नव्हता. आजी मेच्या अखेरीस गेल्या, काकूंच्या हातून पाणी पिऊन. दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला, हेही मला मुलानेच सांगितलं, आणि तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टपालाने काकूंचा अ‍ॅडव्हान्स परोल आला. मंजूर. अर्ज सोडल्याचं आमचं पत्र आणि हा कागद बहुधा वाटेत एकमेकांना ओलांडून गेले.

"ताई, हा कुरियरने पाठवू का आईला?" मुलाने विचारलं.

"नाही रे. निघताना हातात हवा होता. आता त्याचा उपयोग नाही."

"मग १३० पुढे नेऊ. मुंबईची मुलाखत. काय फॉर्म असतील ते मला ईमेल कर, मी आईच्या सह्या..." तो मधेच थांबला. मग म्हणाला, "नंबर देतो तिचा."

मी आपल्या रात्री, तिकडच्या सकाळी फोन लावला. पलीकडे पावसाचा आवाज, कुणीतरी मोठ्याने बैल हाकत होतं. मी कोण ते सांगितलं, आणि मुलगा पुन्हा अर्ज पुढे न्यायचं म्हणतोय, तुमचं काय म्हणणं, असं विचारलं.

"मला इचारतीस व्हय?" काकू हसल्या. "नातीला बघायचंय गं. रोज फोनवर दाखवत्यात, पर मांडीवर घ्यायचीय." मग फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडल्या, रोपं त्या बांधावर ठेवा म्हणून. "आता हितं भाताची लावण चाललीय. ती होऊ दे. मग तूच फोन कर, त्याला नको सांगू. आन् काय काय लिवलंय ते वाचून दाखव."