ओहोटीची वेळ तिथीवरून

वर्धा-अकोल्याकडून लेकरांना खडकाळ किनाऱ्यावरची डबकी दाखवायला न्यायचं, तर आधी कॅलेंडरवरची तिथी बघा, तिकिटं मग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त आत ओसरतं. अष्टमीच्या सुमारास गेलात तर निम्मे खडक पाण्याखालीच राहतात. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, की भरतीची वेळ येते; त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती रात्री दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. हा अंदाज झाला. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या. रोज ती सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते.

ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर पोहोचा, पाणी फिरलं की परता. आपल्या विहिरीच्या पायऱ्यांवरच्या शेवाळापेक्षाही तिथलं शेवाळ दगा देतं, आणि खडकांना चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात. म्हणून मागून पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल हव्यात, साध्या चपला नकोत.

डबक्याशी बसा, सावली पडू देऊ नका. दोन मिनिटांत रिकामा वाटणारा शंख चालू लागतो: आत खेकडा असतो. शंकूसारखे शंख उचलू नका, काही विषारी असतात. बाटलीत जीव भरून आणणं तर नकोच. पाणी तापतं, प्राणवायू संपतो आणि ते मरतात.