औंडलचा स्पीच डे आणि हेडमास्तर सँडरसन

लेक औंडलला शिकत होती तेव्हा वर्षातला एक दिवस आम्ही काही झालं तरी चुकवत नव्हतो: शाळेचा स्पीच डे, म्हणजे पालकांसमोरचा भाषणांचा आणि बक्षीस समारंभाचा दिवस. नॉर्थॅम्प्टनशरमधलं, नेन नदीच्या वळणावरचं हे दगडी घरांचं गाव एरवी शांत, त्या दिवशी मात्र गाड्यांची रीघ लागायची. पालक हिरवळीवर चटया अंथरून स्ट्रॉबेऱ्या आणि सँडविचेस काढायचे. आमच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं असे. लेकीच्या मैत्रिणी सगळ्यात आधी आमच्याच चटईवर यायच्या, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

भाषणं, बक्षिसं सगळं रीतसर व्हायचं. मला ओढ असायची ती मुलांच्या हातचं काम बघण्याची. एकदा एक मुलगी लेथवर कातलेला पितळेचा दांडा घेऊन उभी होती. नखांत तेलाचा काळा राप, गालावरही एक फराटा. "इथं बोट फिरवून बघा, खाच लागते का?" असं तिनं मला विचारलं. लागली नाही. ती इतकी खुलली की तिच्या आईलाही बोलावून दांडा चाचपायला लावला.

ही परंपरा जिथून आली ते हेडमास्तर म्हणजे फ्रेडरिक विल्यम सँडरसन. डलिचच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला १८९२ साली औंडलची शाळा चालवणाऱ्या लंडनच्या ग्रोसर्स कंपनीनं, म्हणजे एका जुन्या व्यापारी संघानं, तिथं नेमलं. शाळेत तेव्हा जेमतेम शंभर मुलं होती. सुरुवातीची वर्षं फार कठीण गेली. लॅटिन-ग्रीकच्या चाकोरीत मुरलेल्यांना हा माणूस नको होता. सँडरसन मात्र हटले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळा उभ्या केल्या, वर्कशॉप काढलं, ओतकामाची भट्टीसुद्धा आणली. पहिल्या नंबरासाठी एकमेकांशी झुंजण्यापेक्षा मुलांनी गटानं एखादं खरं काम पुरं करावं, हा त्यांचा ध्यास. इतिहाससुद्धा गट पाडून, ग्रंथालयात पुस्तकं धुंडाळून शिकायचा. प्रयोगशाळेच्या दारांना कुलूप नसायचं, कारण मुलाच्या आवडीच्या आड कुलूप यावं हे त्यांना सहन होत नसे. चीनच्या विज्ञानाचा इतिहास लिहिणारे जोसेफ नीडम याच शाळेत, यांच्याच हाताखाली शिकले.

पालक येत तेव्हा मुलं स्वतः मांडलेले प्रयोग करून दाखवत. आणि गाणं! जर्मन संगीतकार बाखचं 'बी मायनर मास' ही चर्चच्या प्रार्थनेची समूहगायनाची रचना म्हणजे पट्टीच्या गायकांची कसोटी पाहणारं काम. सँडरसन यांनी ते साऱ्या शाळेकडून गाऊन घेतलं. निवडक गायकवृंदासोबत उरलेली शेकडो मुलंही गायली. ज्यांना 'तू नको' असं सांगितलं जातं, तीसुद्धा. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट, इमारतींपेक्षाही मोठी.

पहिल्या महायुद्धात वर्कशॉपमध्ये दारूगोळ्याचे भाग तयार झाले. सँडरसन यांचा थोरला मुलगा रॉय १९१८ मध्ये वारला. त्या दुःखातही ते शाळेत राबत राहिले आणि पटसंख्या पाचशेच्या घरात नेली. जून १९२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं, अध्यक्ष होते इंग्रज लेखक एच. जी. वेल्स. भाषण संपलं, प्रश्नोत्तरं सुरू व्हायची होती, आणि सँडरसन जागीच कोसळले, ते गेलेच. तीस वर्षं एकच शाळा सांभाळत होते.

माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर दरवर्षी तीच दहा-बारा मुलं दिसायची. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवायला. म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात समूहगीतासाठी मुलं निवडायचं मी बंद करायला लावलं. थोडी कुरबूर झाली. "सूर जाईल," म्हणाले. थोडा गेलाही. पण मागच्या दिवाळीत नाव दिलेलं एकही मूल खाली बसलेलं नव्हतं, आणि यंदा आयांनी ऑगस्टपासूनच तालमीची तारीख विचारायला सुरुवात केली आहे.