डूलॅली म्हणजे आपली देवळाली

गेल्या शनिवारी शेजारच्या आजींचं वॉशिंग मशीन बिघडलं. मध्येच थांबायचं, आपोआप परत सुरू व्हायचं, पाणी काही सोडेना. मी बघायला गेलो, तर मशीनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "इट्स गॉन डूलॅली, लव्ह." लीड्समध्ये 'लव्ह' कुणालाही म्हणतात, त्याचं काही नाही. पण डूलॅली ऐकलं आणि माझा हात पान्यावरच थांबला.

डूलॅली म्हणजे डोकं फिरलेलं, भ्रमिष्ट. जुन्या वळणाचा, लाडिक शब्द आहे. घड्याळ डूलॅली होतं, म्हातारा काका डूलॅली होतो. आणि तो शब्द म्हणजे आमची देवळाली! नाशिकजवळची, जिथल्या लॅम रोडवर मी सायकल शिकलो.

इंग्रजांनी १८६१ साली तिथं लष्करी छावणी वसवली. विलायतेहून आलेले गोरे शिपाई मुंबईला उतरले की आधी देवळालीत येत आणि पुढं आपापल्या पलटणीत जात. नोकरीची मुदत संपली की घरी जायलाही तीच वाट. पण सैन्याची जहाजं मुंबईहून थंडीच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत शेवटचं जहाज गेल्यावर संपली, तो पुढच्या मोसमापर्यंत देवळालीतच अडकला. उन्हाळा तिथं, पावसाळाही तिथंच. कवायत नाही, फारसं काम नाही. दारू, जुगार, मारामाऱ्या. कुणी कोठडीत, कुणी दवाखान्यात. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ साली छापलेल्या आठवणींत या मुक्कामाबद्दल लिहिलंय. रणात धड राहिलेली माणसं इथं नुसतं बसून ढासळत.

शिपाई तेव्हा 'डूलॅली टॅप' असं पूर्ण म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! आपण 'डोक्याला ताप' म्हणतो, तोच हा. पुढं ताप गळून पडला आणि गावाचं नाव तेवढं उरलं. 'विलायती'चं 'ब्लायटी' करून मायदेशाला तेच नाव देणारेही हेच शिपाई.

आपल्याकडे 'ह्याला येरवड्याला न्या' म्हणतात, तिथलं मनोरुग्णालय सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून. देवळालीला मात्र हे नाव चिकटलं ते वाट बघण्यामुळं, असं मला वाटतं. घरी जायची परवानगी हातात आहे, पण जहाज नाही. मागं व्हिसाचा कागद अडकला होता तेव्हा मी पाच महिने आईला भेटू शकलो नव्हतो. रोज सकाळी उठून आधी मेल बघायचो. त्या बराकीतली पोरं कशी राहिली असतील, याची त्या दिवसांमुळं मला थोडी तरी कल्पना येते.

रात्री बाबांना फोन केला. त्यांना हे अजिबात पटेना. "अरे, देवळालीत वेड? लोक इथं बरे व्हायला यायचे! हवा बघ इथली." त्यांचंही खरंच आहे. चांगल्या हवेसाठी तिथं सॅनिटोरियमं उभी राहिली, मुंबईची पारशी-गुजराती कुटुंबं सुट्टीला येत. आता छावणीत तोफखान्याची शाळा आहे, लहानपणी लांबून तोफांचा आवाज आला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आजी म्हणायची, "सराव चाललाय."

रविवारी मी शेजारच्या आजींना सगळं सांगितलं. आयुष्यभर त्या हा शब्द वापरत आल्या, पण तो एका गावाचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "नीट कसं म्हणायचं ते सांग." मी सावकाश म्हणून दाखवलं. तीनदा प्रयत्न केला त्यांनी. ळ काही जमला नाही, पण शिपायांनी गाळलेला व त्यांनी बरोबर उच्चारला. "देव-लाली," त्या म्हणाल्या, आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवलं.