तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नास रुपये तरी कशाला?

"अहो, लोकांची जुनी वस्तू द्यायचीच आहे तर फुकट देऊन टाका ना. पन्नास रुपये तरी कशाला घेता?"

गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी जिन्यात, किराण्याच्या दुकानात, एका बारशात आणि एकदा तर स्मशानातून परतताना ऐकलं. काही जण खरंच कुतूहलाने विचारतात. काहींच्या चेहऱ्यावर 'पेन्शन पुरत नाही वाटतं' असा भाव असतो. मी दरवेळी "असंच, एक पद्धत आहे आपली" म्हणून हसून सुटका करून घेते. आता एकदाच सविस्तर सांगते.

आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली, चोवीस घरांचे माळे एकदम रिकामे व्हायला लागले आणि कोणाची अडगळ कोणाला उपयोगी पडेल हे बघायचं काम कसं कोण जाणे माझ्याकडे आलं. ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून इतर इमारतींमधूनही फोन येतात. मी वस्तू बघते, चिठ्ठी चिकटवते, घेणारा शोधते. चिठ्ठीवर आकडा असतो. वीस, पन्नास, दोनशे, क्वचित हजार. शून्य कधीच नसतं.

आधी हे सांगते की मीही फुकट देणारीच होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

2017 साली आई गेली. तिचं घर रिकामं करायला आम्हा बहिणींना तीन आठवडे मिळाले. भांडी मोडीत गेली, कपाट भाच्याने नेलं, आणि राहिला फ्रिज. 165 लिटरचा, एका दाराचा, मरून रंगाचा. आमच्याकडे तेव्हा चौदा वर्षं कामाला येणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. मी म्हटलं, "मावशी, आईचा फ्रिज तुम्ही घेऊन जा." त्या म्हणाल्या, "बघते ताई, घरी विचारते." मला वाटलं, संकोचतायत. मी आग्रह केला. आईची आठवण म्हणून तुमच्याकडे राहील, असंही म्हटलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खरं सांगायचं तर त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबतच नसे. चालू फ्रिज मधूनमधून 'टक्' करून गप्प बसतो, आईचा बसायचा नाही. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं होतं, खाली जुना टॉवेल कायम घडी करून ठेवलेला असायचा. हे मला माहीत होतं. 'चालू आहे' असं मी मावशींना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. चालूच होता, बंदच होत नव्हता.

मावशी सुतारदऱ्यात राहतात. ज्यांनी ती चढण पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. टेम्पो खालच्या वळणापर्यंतच जातो, पुढे पायऱ्या आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं अशी गल्ली. मी टेम्पो सुटताना फोटो काढला आणि बहिणींना पाठवला. पुढचं दीड वर्ष मी मावशींना अधूनमधून विचारायची, "काय, फ्रिज चाललाय ना?" त्या म्हणायच्या, "छान चाललाय." आणि मी ते चारचौघांत सांगायची. वस्तू योग्य हातात पडली की कसं समाधान वाटतं वगैरे.

मग मावशींचा हात मोडला. मी भेटायला गेले तेव्हा दूध, मोसंबी आणि अर्धा डझन दह्याचे कप घेऊन गेले. त्यांची सून चहा ठेवत होती. फ्रिज दाराजवळच्या कोपऱ्यात उभा होता, वर गणपतीचा फोटो आणि प्लॅस्टिकची फुलं. मी सहज उठले, म्हटलं दही आत ठेवते, आणि दार उघडलं.

आत दिवा लागला नाही. वरच्या बर्फाच्या कप्प्यात रेशनकार्ड आणि कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. मधल्या जाळीवर घडी केलेल्या तीन साड्या, त्यातली एक मीच दिलेली. खाली तूरडाळीचा डबा आणि नातवाची दप्तरातली वह्या-पुस्तकं. दारातल्या अंड्यांच्या खाचांमध्ये ओळीने काचेच्या बांगड्या, खोकल्याच्या औषधाची बाटली, सुतळीचा गुंडा, एक पांढरा खडू. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी दही हातात धरून तशीच उभी राहिले.

"उंदीर लागत नाहीत," मावशी कॉटवरून म्हणाल्या. "दार घट्ट लागतंय ना."

मग सगळं सुनेकडून निघालं, मावशी तिला "गप गं" म्हणत असताना. टेम्पोचे सातशे. पायऱ्यांवरून चढवायला पोरांना तीनशे. अकराव्या दिवशी थंड होणं बंद झालं. मेकॅनिकने गॅस भरायचे चोवीसशे घेतले, दोन हप्त्यांत. महिन्याभराने परत बंद. मधल्या काळात विजेचं बिल असं आलं की मुलाने सरळ पिन काढली. भंगारवाला नऊशे द्यायला तयार होता, कॉम्प्रेसरमधल्या तांब्यासाठी. पण विकला नाही.

"का नाही विकलात?" मी विचारलं.

"तुमच्या आईची आठवण म्हणून दिलेला ना तुम्ही," मावशी म्हणाल्या. "विचारलं असतंत तुम्ही, तर काय सांगायचं?"

"मग मला सांगायचं तरी, बिघडलाय म्हणून."

यावर सून म्हणाली, "फुकट दिलेल्याची तक्रार कुठे करायची ताई?"

मी पर्स उघडली. चौतीसशे रुपये मी तिथल्या तिथे द्यायला निघाले. मावशींनी तोंड फिरवलं. चांगल्या हातानेही नको म्हटलं नाही, नुसतं तोंड फिरवलं. पंचवीस वर्षं बँकेत पैसे मोजले, पण इतका लाजिरवाणा गठ्ठा मी कधी हातात धरला नव्हता. चहा प्याले आणि निघाले.

रिक्षात मात्र मी स्वतःची बाजू मांडत बसले होते. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. चौदा वर्षांची ओळख, एवढाही मोकळेपणा नसावा? मी काय मुद्दाम बिघडलेला दिला? चांगल्या मनाने दिला. 2017 मधली मी अजूनही हेच म्हणते, अधूनमधून रात्री. तिला उत्तर देताना मी एवढंच विचारते: तो फ्रिज उचलायला भंगारवाल्याला बोलवायचा, तीन जिने उतरवायचे, आईचा फ्रिज ठोकून फुटताना बघायचा, हे सगळं तुझं वाचलं की नाही? मग कोणी कोणावर उपकार केले? यावर ती गप्प बसते. पटलेलं नसतं तिला.

आपल्याकडे म्हणतातच, धर्माची गाय, दात का गं नाय. घेणाऱ्याने दात मोजू नयेत. पण देणाऱ्याने तरी मोजले होते का? कठोपनिषदाची सुरुवातच या प्रश्नापासून होते. नचिकेताचा बाप यज्ञात गायी दान करतोय आणि पोरगा बघतो तर काय, सगळं पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या गायी. घरातलं नकोसं बाहेर काढायचं आणि वर त्याला दान म्हणायचं. हे इतकं जुनं आहे.

माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. तिच्या बाबतीत कोणाच्याही डोक्यात दान आलं नाही. ती ओसरीवर बसायची, टोपलीतली स्टीलची भांडी मांडायची आणि आईने आणलेली प्रत्येक साडी उजेडाकडे धरून विरलीय का बघायची. शर्टाची कॉलर उलटी करायची, पँटची चेन दोनदा वरखाली करायची. "बाई, हे पोतेऱ्यालापण नाय चालायचं," म्हणून आमच्या वडिलांचा शर्ट सरळ बाजूला. आई म्हणायची, एकदाच नेसलेली साडी आहे गं. मग मोठं पातेलं मागे जायचं, छोटं पुढे यायचं, आई दोन फ्रॉक वाढवायची, मोठं परत पुढे. तासभर. शेवटी दोघींना वाटायचं आपण जिंकलो. बोहारणीने आईचे आभार मानलेले मला आठवत नाहीत. आईने तिचे मानले असतील असं तर मुळीच वाटत नाही.

हात मोडला तो बरा झाल्यावर मावशी परत कामावर आल्या. त्या दिवाळीत मी नवा मिक्सर घेतला. जुन्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. मी बराच वेळ ओट्यापाशी घुटमळले आणि म्हटलं, "मावशी, हा तीनशेला देतेय. हवाय का?" बोलताना कान गरम झाले होते. एवढ्या वर्षांच्या माणसाकडून पैसे मागतेय!

मावशींनी ओला हात पदराला पुसला. मिक्सर उलटा केला, खालचे रबराचे पाय बघितले. भांडं लावून तिन्ही वेगांवर फिरवला. "दोनशे," म्हणाल्या. अडीचशेवर ठरलं. दुसऱ्या दिवशी भांड्यात चटणीसकट परत हजर. "ताई, हे बारकं भांडं खालून गळतंय. पन्नास परत द्या."

मी दिले. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी त्या आवाजात पहिल्यांदा बोलल्या.

तर हे आहे ते 'पन्नास रुपये कशाला'चं उत्तर. दात मोजता यावेत म्हणून. विकत घेणारा "नको" म्हणतो, नावं ठेवतो, परत आणून टाकतो, उद्या दुसऱ्याला विकतो आणि मला सांगायलाही बांधील नसतो.

तुम्ही म्हणाल, ज्याला खरंच गरज आहे त्याच्याकडूनही? थांबा, येते तिकडे.

त्याआधी किमतीचं, कारण त्यावरूनही माझ्याशी भांडणं होतात. बेचाळीस हजारांचा सोफा, 2011 चा, मी पाचशे लावले म्हणून एक गृहस्थ माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. अहो, भुशाच्या बोर्डाचा सांगाडा आहे तो. एकदा स्क्रू काढला की दुसऱ्यांदा त्या भोकात धरत नाही, पाणी लागलं की फुगतो. त्याच घरातलं लोखंडी कपाट चाळीस वर्षांचं होतं, ते तीन हजारांना गेलं, कारण पत्रा ठोकता येतो, झाळता येतो, रंगवता येतो. कापसाची गादी पिंजून परत भरता येते, पिंजारी मिळाला तर. फोमच्या गादीला कोणी हात लावत नाही. तांब्या-पितळेला मोडीचा भाव बांधलेला आहे, वजनातली घट धरून. जुन्या जाड टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो भंगारवालाही नको म्हणतो. तुम्ही काय किमतीला घेतलंत आणि त्यावर बसून कोणाचं लग्न ठरलं, हे घेणाऱ्याच्या हिशोबात येत नाही. त्याच्या हिशोबात टेम्पो येतो, हमाली येते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक चक्कर मारा. कुकरच्या सुट्या शिट्ट्या आणि कुठल्या टीव्हीचे कोण जाणे असे रिमोटसुद्धा तिथे घासाघीस करून विकले जातात.

माझी भाची जर्मनीत असते. ती म्हणते, तिथे लोक नको असलेलं खोक्यात भरून दाराबाहेर ठेवतात, 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून. हवं त्याने न्यावं. मला ते पटतं, कारण तिथे कोण कोणाला दिसत नाही. आपल्याकडे माणुसकीच्या भिंती झाल्या, त्यातही तोच विचार होता. आमच्या जवळच्या भिंतीखाली पहिल्या पावसात भिजलेल्या कपड्यांचा लगदा मी स्वतः पाहिलाय. त्यात एका पायाची चप्पलही होती. ती ठेवणाऱ्याला घरी जाताना कसं वाटलं असेल? बरंच वाटलं असेल.

पैशांचं काय करता, हेही विचारता. बिस्किटांच्या डब्यात ठेवते. टेम्पोचे जातात, दुरुस्तीचे जातात. कधी मी त्यातून रिक्षाचे घेतले आहेत आणि दोनदा मिसळही खाल्ली आहे. आणि हो, चिठ्ठीवर लावलेला आकडा कोणी न कुरकुरता दिला की मला आनंद होतो, अगदी कोत्या मनाचा आनंद. हे मी मावशींच्या भल्यासाठी वगैरे करते असं म्हटलं तर ते पुन्हा फ्रिज दिल्यासारखंच होईल.

आता गरजूंचं.

मार्चमध्ये एका घरातून सागवानी पाळणा आला. पितळी कड्या, गजांवर लहान मुलाच्या दातांच्या खुणा. मी दोनशेची चिठ्ठी लावली. समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनची बायको तान्ह्याला घेऊन आली होती. तिने पाळण्याला हात लावला, एकदा हलवून बघितला, चिठ्ठीकडे बघितलं. मी वाट बघत होते की ती "कमी करा" म्हणेल. पन्नास म्हणाली असती तरी दिला असता. वीसला दिला असता. ती काहीच बोलली नाही. "छान आहे," म्हणाली आणि गेली.

घासाघीस करायलाही आपण त्या दारात उभं राहायच्या लायकीचे आहोत असं वाटावं लागतं, हे माझ्या पद्धतीत कुठे बसवू? मावशींना ते वाटायला चौदा वर्षं आणि एक मोडका फ्रिज लागला.

नंतर मी बांधकामाच्या बाजूने जाताना बघितलं, लोखंडी सळयांना साडीची झोळी बांधून पोर त्यात झोपलं होतं. पाळणा उचलून तिथे नेऊन द्यावा असं मनात आलं. मग तिच्या पत्र्याच्या खोलीत तो मावेल का, तिला नको असेल तर ती मला नको म्हणू शकेल का, हा विचार आला. मग घरीच आले.

पाळणा अजून गॅलरीत आहे. चिठ्ठी मी काढून टाकली आहे. परवा मावशी त्याच्यावरची धूळ पुसताना म्हणाल्या, "दीडशेला जाईल हा." मी म्हटलं, बघू.