गॅरेज वायरिंग अपडेट: बंद एमसीबीच्या आड लपलेला न्यूट्रल

सापडला एकदाचा! नऊ दिवस आरसीसीबीने (जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की सप्लाय तोडणारा स्विच) नुसतं नाचवलं, आणि निघालं काय, तर एक टीचभर स्क्रू.

मागच्या वेळी सबमेनपर्यंत, म्हणजे मीटरपासून गॅरेजपर्यंतच्या मुख्य वायरीपर्यंत, आलो होतो. ४ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) जुनी वायर काढून १० स्क्वेअर कॉपर ओढली, मीटरकडचं कनेक्शन लायसन्सवाल्या वायरमनने केलं, तिथे मी हात घातला नाही. २० मीटरचा रन, म्हणजे जाऊन-येऊन ४०. आपला २ एचपीचा कॉम्प्रेसर उठताना ६० अँपिअर तरी खेचतो, तेव्हा जुन्या वायरीतच ११ व्होल्ट जायचे, आता साडेचारच्या आत. पहिल्यांदा बटण दाबलं तर ट्यूब जराही मिणमिणली नाही! उगाचच तीनदा चालू-बंद करून बघितलं.

हे सुख चार दिवस टिकलं. मग बेंचवरची लाइट जोडली, हत्यारांचा बोर्ड भिंतीला ठोकला, आणि त्या संध्याकाळपासून कॉम्प्रेसर लावला की ३० मिलीअँपचा आरसीसीबी धाडकन खाली. एमसीबी (करंट जादा झाला की पडणारे स्विच) जागेवर, फक्त आरसीसीबी. लाइट, सोल्डरिंग आयर्न गुण्यागोविंदाने चालतायत, ग्राइंडरला कधी पडतो कधी नाही (हे तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं). मी म्हटलं मोटर लीक असणार. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मागून आणला, मोटर ८० मेगाओहम, ठणठणीत. मग कॉम्प्रेसरची केबल बदलली, प्लग बदलला, शेवटी नवा आरसीसीबी आणला, तोही पडला, तो आता स्पेअर म्हणून खोक्यात आहे.

बाकीचे सगळे एमसीबी बंद करून फक्त कॉम्प्रेसर लावला, तरी ट्रिप. झालं, मी कॉम्प्रेसरलाच फाशी दिली. आणि इथेच गाढवपणा झाला. आपले एमसीबी सिंगल पोल, ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल (करंटच्या परतीच्या वायरी) सगळे लिंकवर, म्हणजे एकाच सामाइक पट्टीवर, जोडलेलेच! बेंच लाइट बंद असली तरी तिचा न्यूट्रल सर्किटमध्ये हजरच की.

डोळे उघडले ते हीटरमुळे. कॉम्प्रेसरच्याच सॉकेटला २ किलोवॅटचा हीटर लावला, पडला. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष. मग मेन बंद करून लिंकमधून एकेक न्यूट्रल सोडवला आणि अर्थशी मेगर लावत गेलो. चार मस्त, पाचवा शून्य. बेंच लाइट!

केसिंगची पट्टी उघडली तर बोर्डाच्या ब्रॅकेटचा स्क्रू आरपार आलेला, काळ्या आणि हिरव्या दोन्ही वायरींत दात रोवून बसलेला. लाल मात्र जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरने वाचलेली. म्हणजे लोडचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलने, थोडा अर्थने जात होता. छोट्या लोडला ती चोरी ३० मिलीअँपपर्यंत पोचत नव्हती, कॉम्प्रेसरच्या १० अँपिअरला सहज पोचायची. आरसीसीबी आपलं काम चोख करत होता आणि शिव्या खात होता.

बाय द वे, तो पेनासारखा पीं-पीं करणारा टेस्टर असल्या फॉल्टला काही कामाचा नाही. साध्या मल्टिमीटरने सापडलं असतं, वायरी सरळ चिकटलेल्याच होत्या, पण न्यूट्रल लिंकवरून सोडवल्याशिवाय काय कपाळ दिसणार. आणि मेगर लावण्याआधी एलईडीचे ड्रायव्हर काढून ठेवा.

आता तेवढा तुकडा नवा ओढतोय, जोड देणार नाही. पुढचा प्लॅन दोन आरसीसीबी करून सर्किटं वाटायचा होता, पण प्रत्येक सर्किटला आरसीबीओच (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) का नको असं वाटायला लागलंय. ८ वेचा (आठ घरांचा) डीबी, म्हणजे स्विचांचा डबा, पुरणार नाही मग, कारण मला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन मॉड्यूलवालाच हवाय... थांबा, लिहिता लिहिता सुचलं, फक्त कॉम्प्रेसरला वेगळा आरसीबीओ दिला, सी कर्व्ह (मोटर उठतानाचा झटका सोसणारा) १६ अँपिअर, तर? बाकी सगळं आहे त्याच आरसीसीबीवर, दोन घरं रिकामी आहेतच, डीबी बदलायला नको. फक्त त्याचा न्यूट्रल चुकूनही जुन्या लिंकवर जाता कामा नये, नाहीतर पुन्हा नऊ दिवस.

हत्यारांचा बोर्ड सध्या जमिनीवर आहे. ब्रॅकेटची भोकं एक वीत वर मारणार, आधी केसिंग कुठून गेलीय ते भिंतीवर खडूने आखून.