खडकावरून गरी : गुहागरचा समुद्र आणि आमची वैनगंगा

आमच्या गावाखाली वैनगंगेत एक लांबट खडक शिरलेला आहे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की त्याची काळी पाठ हळूहळू उघडी पडते आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत तो पार पात्राच्या मध्याकडे गेलेला दिसतो. टोकाशी धार आदळून वळते आणि खडकाच्या आडोशाला खोल, संथ डोह तयार होतो. ब्रह्मपुरी तालुक्याचा हा काठ, पलीकडे गडचिरोली जिल्हा. या खडकावरून गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकायला मी अनेक वर्षं जातो आहे. नवीन पोरं विचारतात, मासा कशावर लागतो? मी आधी त्यांना विचारतो, पाणी वाढलं तर परत कुठून येशील? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्या हातात मी रॉड देत नाही.

ही शिस्त मला समुद्राने लावली. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. नोकरीची पहिली वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात गेली. आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले आमच्यासारखे विदर्भातले मास्तर तेव्हा तिकडे गावोगाव होते. रविवारी घरमालक अण्णा मला डोंगराच्या समुद्रात घुसलेल्या टोकावर न्यायचे. सड्यावरून, म्हणजे वरच्या सपाट कातळावरून, खाली उतरायची घाई त्यांनी कधी केली नाही. वर बसून आधी पंधरा-वीस मिनिटं नुसता समुद्र बघायचा. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान लहान येतात, मग पाठोपाठ दोन-तीन मोठ्या येतात. त्या मोठ्या कुठवर पोचल्या ते बघायचं. कातळ जिथवर ओला, तिथवर लाट येणारच; उभं राहायचं ते त्याच्या बरंच वर, कोरड्यात. समुद्राकडे पाठ करायची नाही, गरीला चारा लावतानासुद्धा नाही. आणि कोणी पडलंच, तर त्याने लगेच कातळाला धरायला धडपडू नये, कारण पुढची लाट त्याला त्याच कातळावर आपटते. आधी खडकापासून लांब, मोकळ्या पाण्यात जायचं, तरंगत राहायचं आणि वरच्या माणसाने दोर किंवा तरंगणारं काही टाकायचं.

भरतीची वेळ अण्णा पंचांगावरून काढत. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती अकरा-बाराकडे जाते आणि त्या दिवसांत उधाणही मोठं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास. भरतीचं पाणी चढू लागलं की मासा खडकाच्या कपारींकडे येतो. तांबोशी, पालू आम्हाला त्याच वेळी लागायचे, बहुतेक कोळंबीवर. पण चढतं पाणी मागची वाटही बुडवतं. म्हणून ज्या खडकाची वाट भरतीतही उघडी राहते, तोच खडक निवडायचा, मासा दुसरीकडे जास्त असला तरी. पावसाळ्यात अण्णा त्या टोकाकडे फिरकतही नसत.

बदली होऊन गावी आलो तेव्हा वाटलं होतं, नदीत लाट नाही, भरती नाही, इथलं काम सोपं. आमच्याच गावच्या एका ढिवर आबाजींनी पहिल्याच भेटीत तो समज काढून टाकला. त्यांच्याकडे मी परवानगी विचारायला गेलो होतो. नदी-तलावांतली मासेमारी अनेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. ढिवर बांधवांचं घर ज्या पाण्यावर चालतं, तिथे हौशी माणसाने न विचारता गरी टाकणं मला बरोबर वाटत नाही. संस्थेत जाऊन बोललो, त्यांच्या जाळ्यांच्या जागा समजून घेतल्या, पावती फाडली. कुठे जायचं नाही तेही तिथेच कळलं. अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी गुन्हा आहे, आणि गोसीखुर्द धरणाच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागून आहे.

आबाजी म्हणाले, "समुद्राले टाइम रायते म्हनता ना गुरुजी? हिले नाही. दरवाजे उघडले का हे आलीच. आधी मांगची वाट पाह्यजा, मंग पान्याकडं पाह्यजा."

ते गोसीखुर्दबद्दल बोलत होते. पवनी तालुक्यातल्या या धरणाला, म्हणजे इंदिरासागरला, ३३ वक्रद्वारं आहेत आणि आम्ही त्याच्या खाली राहतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी सगळी ३३ दारं उघडावी लागली, तेव्हा भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या गावांनी काय सोसलं ते आम्ही विसरणार नाही. त्या पुरामागे मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी होतं. वैनगंगा उगम पावते सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ, आणि मग बालाघाटकडून आपल्याकडे येते. म्हणजे आमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वर पाऊस झालेला असू शकतो. पाणी पावसाळ्यातच सोडतात असंही नाही, खालच्या गावांसाठी उन्हाळ्यातही सोडतात.

म्हणून निघण्याआधी मी विसर्गाची बातमी बघतो. 'इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, विसर्ग इतके क्युमेक्स' असा निरोप तलाठी, कोतवाल, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून गावात येतो, कधी दवंडी होते. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर पाणी, एवढं डोक्यात ठेवलं की त्या आकड्यांचं वजन कळतं. विसर्ग वाढवणार असा निरोप असेल तर त्या दिवशी जायचं नाही. निरोप नसेल तरी खडकावर पोचताच पाण्याच्या काठावर खूण करायची. आबाजींनी शिकवलेली रीत अशी : पाण्याला टेकून एक पांढरा गोटा ठेवायचा आणि त्याच्या वीतभर वर दुसरा. दर थोड्या वेळाने तिकडे नजर गेलीच पाहिजे. पहिला गोटा बुडाला की सामान गोळा करायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. आमच्या खडकाची पाठ मध्ये खोलगट आहे. टोकाला पाय कोरडे असतानाच त्या खोलगट भागातून पाणी वाहू लागतं आणि माणूस बेटावर अडकतो. परतीची वाट ठरवताना टोक नव्हे, तो सखल भाग पाहायचा.

गोट्याच्याही आधी नदी सांगते. नितळ पाणी गढूळ होतं, मधल्या धारेतून काडीकचरा, फेस, वाळली पानं वाहत येऊ लागतात, काठावरच्या कोरड्या वाळूत ओल चढते. धारेचा आवाजही बदलतो.

आता साधनांचं. समुद्रावरचा दहा फुटी रॉड मी इथेही वापरतो, कारण लांब काठीमुळे पाण्याच्या अगदी कडेला न जाता गरी टाकता येते. आबाजी बांबूच्या काठीवर आणि हातदोरीवर माझ्यापेक्षा जास्त मासे काढतात, हे मी मनापासून सांगतो. तंगूस, म्हणजे गरीची नायलॉन दोरी, महाग घेण्यापेक्षा नवा घ्यावा. उन्हात पडलेला नायलॉन कडक होतो आणि ऐन वेळी गाठीपाशी तुटतो. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होतो. गरीचा नंबर वाढला की गरी लहान होते, हे नवीन माणसाला दुकानात कोणी सांगत नाही. शिसं खडकाच्या फटीत हमखास अडकतं, म्हणून ते मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीने वेगळं बांधतो. अडकलं तर तेवढंच तुटतं, मासा आणि गरी हाती राहतात.

पायात रबरी चप्पल नको आणि गमबूटही नको. चप्पल शेवाळावर सटकते, बुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. मी जुने कापडी जोडे घालतो आणि तळव्यावर सुतळीचे आडवे वेढे घट्ट बांधतो. अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. सोबत दुसरा माणूस आणि घट्ट झाकणाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, त्याला वीस-पंचवीस हात दोर. कोणी पडलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही, कॅन फेकायचा. नदीत पडलेल्याने मात्र समुद्रापेक्षा वेगळं करायचं : उताणं व्हायचं, पाय धारेच्या दिशेला पुढे ठेवायचे, आणि वेगाच्या पाण्यात उभं राहायला जायचं नाही. पाय दगडात अडकला की धार माणसाला खाली दाबते. पाठीवर वाहत तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. हे मी शाळेतल्या मुलांकडून जमिनीवर झोपवून करून घेतो, कारण इथे प्रत्येक मूल नदीवर जातंच.

उजाडण्यापूर्वी नदीची पायवाट धरायची नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात वाघ आहेत, ही काही ऐकीव गोष्ट नाही. खडकाच्या फटीत हात घालायचा नाही, तिथे परड, म्हणजे घोणस, ऊन खात बसते. वैशाखात दुपारनंतर ढग भरले तर वीज चमकण्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजतो. तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उघड्या खडकावर हातात कार्बनचा उंच रॉड धरून मग एक क्षणही थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परतायचं नाही. फोनवर दामिनी ॲप आहे, पण डोळे-कान त्याच्याही आधी.

चाऱ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला मला आवडतं. रोहू हवा असेल तर जवसाची ढेप, म्हणजे पेंड. ढेप रात्रभर भिजवून, धानाच्या कोंड्यात कालवून घट्ट गोळे करायचे आणि डोहाच्या संथ भागात, नेमक्या एकाच जागी टाकायचे. धारेत टाकले तर सगळं खाली वाहून जातं आणि मासाही त्याच्यामागे जातो. गरीवर कणकेची गोळी, तिच्यात थोडी तीच ढेप. रोहू झटका देत नाही. तरंग, म्हणजे दोरीला बांधलेलं तरंगणारं बोंड, जरासा आडवा होतो, बाजूला सरकतो, तेव्हाच हलका हिसका. शिंगाडा आणि वाम तळाला राहतात, त्यांना गांडूळ किंवा ताजा झिंगा. त्यांच्यासाठी चारा डोहाच्या मध्ये नाही, तर जिथे वेगाची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात त्या रेघेवर सोडायचा. मासा आडोशात, कमी कष्टात उभा असतो आणि धार त्याच्या तोंडापाशी खाणं आणते. गुहागरला फेसाच्या कडेला चारा टाकायचो, तेच तत्त्व.

माघातला एक दिवस सांगतो. ऊन कोवळं होतं, आबाजींचा नातू सोबत होता. त्या रेघेवर झिंगा सोडला आणि दोरी ताठ झाली. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आधीच सैल ठेवला होता, त्यामुळे माशाने पहिली धाव घेतली तेव्हा रीळ बोलली, तंगूस तुटला नाही. तो टोकाला वळसा घालून धारेत जाऊ पाहत होता. त्याच्यामागे टोकाकडे न जाता मी आहे तिथूनच रॉड आडवा करून त्याला डोहाकडे वळवलं. दमला तेव्हा पोराने लांब दांड्याच्या जाळीत घेतला. भरदार शिंगाडा. त्यानंतर लगेच दुसरा लागला, मग तिसरा. असा लाग क्वचित येतो. आणि तेवढ्यात पोरगं म्हणालं, "गुरुजी, गोटा दिसत नाही." मधल्या धारेत काड्या वाहू लागल्या होत्या. गरी पाण्यात असतानाच मी दोरी गुंडाळायला घेतली. सखल भाग ओलांडताना तिथे नुसता ओलावा होता. काठावर बसून चहा घेईस्तोवर त्यातून घोट्याच्या वर पाणी वाहत होतं. मासा लागत असताना उठणं हेच या सगळ्यात अवघड आहे आणि त्याची सवय मुद्दाम लावावी लागते. पाणी चढू लागलं की मासाही खाऊ लागतो, त्यामुळे मोह नेमका धोक्याच्या वेळीच येतो.

शिंगाड्याला हाताळताना घाई नको. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक काटा असतो, तो लागला की हात ठणकतो. ओल्या गोणपाटाने डोक्यामागून धरायचं आणि गरी पक्कडने काढायची. काटा लागलाच तर जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर सरळ दवाखाना.

बोटभर रोहू-कटला आम्ही परत सोडतो. हात ओले करून धरायचे, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायचा. काठावर सोडला तर बगळ्यांच्या, गुरांच्या पायांत गुंततो. मृग लागला की खडकावर जाणं बंद. वैनगंगा तेव्हा कोणाची नसते, आणि रोहू-कटला पावसाळ्यातच अंडी सोडतात. तोवर रीळ उघडून वाळू काढायची, तेल घालायचं, गंजलेल्या गऱ्या फेकायच्या. पाणी उतरल्यावर खडकाची पाठ पुन्हा नव्याने चालून बघायची, कारण प्रत्येक पूर कुठला ना कुठला दगड हलवतो आणि सखल भाग कधी कधी आणखी खोल करून जातो.